मोटारीचे इंजिन का तापते? निदानाचा क्रम व निगा

मळवलीचे स्टेशन सोडून भाजे गावावरून जो रस्ता लोहगडवाडीस चढतो, तो आमच्या पुष्कळ वाचकांच्या पायाखालचा आहे. भाज्यापर्यंत चाल सोपी. पुढे गायमुख खिंडीची चढण लागते, आणि एका अंगास लोहगड व दुसऱ्या अंगास विसापूर अशा दोन गडांच्या मधून वाट वर येते. पूर्वी या वाटेने बैल व डोक्यावरची ओझी चालत. आता खताची पोती, दुधाचे कॅन, लग्नाचे वऱ्हाड आणि अपरात्री दवाखान्यात न्यावयाचा आजारी मनुष्य, ही सर्व मोटारीने जातात-येतात. त्यातच पावसाळ्यातील रविवारी गड पाहावयास येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत लोहगडही आहे. अशा रांगेत पहिल्या गिअरमध्ये, दहा पावले पुढे जाऊन पुन्हा थांबत, गाडी वर चढविणे म्हणजे इंजिनाची मोठीच परीक्षा होय.

या परीक्षेत आमची गाडी नापास झाली, आणि दोष गाडीपेक्षा आमचाच अधिक होता. हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. कारण एकाच्या नुकसानीवरून दहांनी शहाणे व्हावे, हाच अशा मासिकाचा उपयोग.

वैशाखात खताची पोती घेऊन येताना गाडीचा उष्णतादर्शक काटा प्रथम वर चढला. सपाटीवर तो खाली येई, चढणीस लागताच पुन्हा वर जाई. आम्ही गाडी एका गॅरेजात नेली. तेथे थर्मोस्टॅट काढून टाकला व ‘आता तापणार नाही’ असे सांगितले. गाडी तापतच राहिली. दुसऱ्या ठिकाणी पाण्याचा पंप बदलला. तरीही गाडी तापतच राहिली. अखेर श्रावणातील एका रविवारी, खिंडीखाली रांगेत उभे असता, बॉनेटमधून वाफ निघू लागली. अर्धा तास थांबून आम्ही पाणी ओतले, आणि ‘घर आता जवळच आले आहे’ असे म्हणून, काटा पुन्हा तांबड्या रेघेस भिडला असताही गाडी तशीच हाकली. त्या थोड्याशा वाटेत इंजिनाचे हेड वाकले व गॅस्केट फुटले. भात विकून जी रक्कम खरिपाच्या मशागतीकरिता बाजूस ठेविली होती, ती सर्व त्या दुरुस्तीत गेली. मूळ कारण काय निघाले ते पुढे योग्य ठिकाणी सांगू. तूर्त इतकेच म्हणतो की, ते शोधण्यास पैसा लागत नव्हता. एक विजेरी व पंधरा मिनिटांचा वेळ पुरेसा होता.

उष्णता येते कोठून व जाते कोठे

ताप हा जसा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे, तसेच इंजिनाचे तापणे हेही लक्षणच होय. म्हणून प्रथम निरोगी इंजिनाचा व्यवहार कसा चालतो ते पाहिले पाहिजे.

सिलिंडरात डिझेल किंवा पेट्रोल जळते, तेव्हा क्षणभर तेथील उष्णतामान दोन हजार अंश सेंटिग्रेडच्याही वर जाते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांचे हेड ज्या अॅल्युमिनियमचे असते, तो धातू मात्र ६६० अंशांवर वितळतो. जाळलेल्या इंधनातील शक्तीचा स्थूलमानाने एक-तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, जवळजवळ तितकाच धुरावाटे निघून जातो, आणि उरलेला भाग पाण्याने व हवेने बाहेर वाहून न्यावा लागतो. हा तिसरा भाग बाहेर जाण्याचे थांबले की काही मिनिटांत इंजिन तापते.

ही व्यवस्था शेतकऱ्यास समजण्यास कठीण नाही, कारण ती पाटपाण्यासारखीच आहे. सिलिंडरांभोवती पाण्याच्या पोकळ्या असतात. तेथे तापलेले पाणी रबरी नळीने रेडिएटरात जाते, तेथील बारीक नळ्यांतून उतरताना पत्र्याच्या पापुद्र्यांमधून वाहणाऱ्या हवेस आपली उष्णता देते, आणि निवून दुसऱ्या नळीने इंजिनात परत येते. पाणी ढकलण्याचे काम पंप करतो. थर्मोस्टॅट हा दारे धरणारा गडी समजावा. इंजिन थंड असेपर्यंत तो रेडिएटरकडील वाट बंद ठेवतो, आणि पाणी बहुधा ८० ते ९० अंशांच्या दरम्यान आले म्हणजे ती उघडतो. गाडी वेगाने जात असता वारा आपोआप लागतो. गाडी उभी असता किंवा सावकाश चढत असता तो पंख्याने आणावा लागतो.

मोटारयुगाच्या आरंभी ही व्यवस्था याहून साधी होती. फोर्ड कंपनीची १९०८ साली निघालेली मॉडेल टी गाडी पाहा. अगदी आरंभीच्या थोड्या गाड्या सोडल्यास तिला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे व निवलेले खाली उतरे, एवढ्यावर काम चाले. लांब चढणीवर अशा गाड्यांचे पाणी उकळे यात नवल नाही.

रेडिएटरचे किंवा पाण्याच्या टाकीचे झाकण हे केवळ झाकण नव्हे. त्यात स्प्रिंग असते व ती आतील दाब धरून ठेवते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा दिसतो, तो या दाबाचाच. समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांवर उकळते. लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर असल्याने तेथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. परंतु झाकणाने दाब धरला म्हणजे, प्रेशर कुकरात होते त्याप्रमाणे, उकळण्याचा बिंदू १२० अंशांच्या घरात जातो. शीतक द्रव, म्हणजे ज्यास सर्व लोक कूलंट म्हणतात तो, योग्य प्रमाणात मिसळला असता हा बिंदू आणखी वर सरकतो. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. झाकण सैल झाले तर निरोगी इंजिनाचेही पाणी चढणीवर उकळू शकते. आणि तापलेल्या गाडीचे झाकण उघडले तर दाब एकाएकी सुटून उकळते पाणी तोंडावर येते.

काटा वर चढला म्हणजे प्रथम काय करावे

निदान मागाहून, प्रथम इंजिन व माणूस यांचा बचाव.

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागताच गाडीतील थंड हवेचे यंत्र बंद करावे आणि गरम हवेचे यंत्र पूर्ण सोडून खिडक्या उघडाव्यात. गरम हवेच्या यंत्रात एक लहानसा रेडिएटरच असतो, त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येऊन बाहेर जाते. आत बसणाऱ्यांस घाम येईल, पण इंजिनास उसंत मिळेल. एवढ्याने काटा उतरला नाही तर रस्त्याच्या कडेस सपाट व सुरक्षित जागा पाहून थांबावे. काटा तांबड्या रेघेस पोचला असेल किंवा वाफ दिसत असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. घाटात थांबताना हातब्रेक लावून चाकांखाली धोंडे ठेवावेत.

यानंतर निदान अर्धा तास झाकणास हात लावू नये. लागल्यास एक तास थांबावे. वरची रबरी नळी जाड फडक्याने दाबून पाहावी. ती टणक लागत असेल तर आत अद्याप दाब आहे असे समजावे. तापलेल्या इंजिनावर वरून थंड पाणी ओतण्याची चाल फार वाईट. तव्यावर पाणी पडावे तसे ते होऊन धातूस तडा जातो. विजेचा पंखा इंजिन बंद असताही एकाएकी फिरू लागतो, हेही विसरू नये. हात, पदर व उपरणे त्यापासून दूर असावे.

इंजिन निवल्यावर झाकण फडक्याने धरून प्रथम थोडेसे फिरवावे, दाब सुटू द्यावा, मग काढावे. अडचणीच्या वेळी साधे पाणी चालते. ओढ्याचे गढूळ पाणी असेल तर ते फडक्यातून गाळून घ्यावे. पाणी भरल्यावरही काटा पुन्हा वर चढला, तर घर समोर दिसत असले तरी गाडी पुढे नेऊ नये. तापून अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते. म्हणून लोखंडी ब्लॉकवर बसविलेले अॅल्युमिनियमचे हेड फाजील तापले की वाकते. गाडी ओढून नेण्याचे भाडे आणि इंजिन उघडण्याचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही.

निदानाचे चार प्रश्न

आता मुख्य विषय. इंजिन तापण्याची कारणे पंचवीस सांगता येतील, परंतु ती सर्व चार प्रश्नांत सामावतात. पाणी कमी होते काय? पाणी फिरते काय? वारा लागतो काय? आणि उष्णताच फाजील उत्पन्न होते काय? हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. कारण पहिल्या तिहींचा बराचसा तपास मालकास घरीच, बिनखर्चाने करता येतो. मात्र त्याआधी काटा खरे बोलतो की नाही याची खात्री करावी. वाफ नाही, नळ्या बेताच्याच गरम, आणि काटा मात्र तांबड्यावर, असे असेल तर सेन्सर किंवा तार बिघडली असण्याचा संभव आहे. याच्या उलट प्रकार अधिक घातक. पाणी साफ निघून गेले असता सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन जळत असताही काटा खाली दिसू शकतो. म्हणून काट्यावरच भिस्त न ठेवता वास, वाफ व इंजिनाचा आवाज यांकडेही लक्ष असावे.

*पहिला प्रश्न: पाणी कमी होते काय?* सकाळी इंजिन पूर्ण थंड असता टाकीवरील खुणेशी पाणी ताडून पाहावे, आणि आठ दिवस रोज तसेच करावे. पाणी उतरत असेल तर ते कोठेतरी जात आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग कोणत्या बाजूस पडला यावरून गळतीची जागा कळते. रबरी नळ्यांची टोके, पट्ट्या, रेडिएटरचे सांधे, आणि पंपाच्या पोटाखालील बारीक भोक ही नेहमीची ठिकाणे. कूलंट वाळले म्हणजे तेथे पांढरट, हिरवट किंवा तांबूस खूण राहते. गाडीत पायाखालचे जाजम ओले व गोडसर वासाचे लागत असेल तर गरम हवेच्या यंत्रातील लहान रेडिएटर गळतो. बाहेर काहीच न दिसता पाणी जात असेल तर झाकणाचा संशय घ्यावा. नवे झाकण ही फार थोड्या खर्चाची वस्तू आहे. गॅरेजात हातपंपाने दाब देऊन गळती शोधण्याचे साधन असते, ते अवश्य वापरावयास सांगावे.

झाकण चांगले असून बाहेरही गळती नाही, तर पाणी इंजिनाच्या आतच जात असावे, आणि ही गोष्ट गंभीर समजावी. धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत निघणे, ऑइल दुधाच्या चहासारखे दिसणे, इंजिन चालू असता टाकीत एकसारखे बुडबुडे येणे, थंड इंजिन चालू करताच मिनिट-दोन मिनिटांत नळी टणक होणे, ही हेड गॅस्केट फुटल्याची चिन्हे होत. थंडीत सकाळी थोडा वेळ निघणारा पांढरा धूर मात्र साधी वाफ असते. त्याने घाबरू नये. खात्री करण्याकरिता एक निळे औषध मिळते. टाकीतील वायू त्यातून जाऊ दिल्यास, त्यात इंजिनाचा धूर मिसळला असेल तर ते औषध पिवळे पडते. हेड उघडण्यापूर्वी ही परीक्षा करून घेण्याचा आग्रह मालकाने धरावा.

*दुसरा प्रश्न: पाणी फिरते काय?* पाणी पुरेसे आहे, तरीही गाडी तापते, तर रेडिएटरच्या दोन जाड नळ्या तपासाव्यात. बहुतेक जुन्या गाड्यांत वरच्या नळीने तापलेले पाणी येते व खालच्या नळीने निवलेले परत जाते. पंख्यापासून हात दूर ठेवून, जाड फडक्याने त्या सावधपणे चाचपाव्यात. काटा वर, पण वरची नळी कोमटच, तर पाणी इंजिनातून बाहेरच पडत नाही. थर्मोस्टॅट मिटलेल्या स्थितीत अडकला असेल, पंप निकामी असेल, किंवा आत हवा कोंडली असेल. वरची नळी चटका देते आणि खालची अगदी थंड, तर रेडिएटर आतून चोंदला असण्याचा संभव अधिक. दोन्ही नळ्या सारख्याच तापल्या असतील, तर पाणी फिरते पण निवत नाही. अशा वेळी तिसऱ्या प्रश्नाकडे वळावे. काही नव्या गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या बाजूस असतो, म्हणून आपल्या गाडीची रचना पुस्तिकेवरून एकदा पाहून ठेवावी.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या चुलीवर होते. तो काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला व निवल्यावर मिटला, तर तो चांगला. बिघडला असेल तर नवा घालावा. नुसता काढून टाकू नये. दारे धरणारा गडी हाकलून दिल्याने पाट नीट वाहत नाही. इंजिन वेळेवर योग्य उष्णतेस येत नाही, इंधन अधिक जाते, झीज वाढते, आणि कित्येक इंजिनांत पाणी आडवाटेनेच फिरत राहून तापणे उलट वाढते. पंपाचा पट्टा सैल किंवा भेगाळलेला नाही ना, तेही पाहावे. इंजिनाचा वेग वाढविताच खालची नळी चपटी होत असेल, तर ती आतून कुजली आहे किंवा रेडिएटर चोंदला आहे.

आतून चोंदण्याचे मूळ बहुधा आपल्याच हातात असते. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले म्हणजे हंड्यास जसे क्षाराचे कीट धरते, तसेच ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते. म्हणून कायमच्या भरण्यास शुद्ध केलेले पाणी व कूलंट, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच वापरावे. कूलंट केवळ थंडीच्या देशांकरिता आहे, ही समजूत चुकीची आहे. ते गंज थोपविते व उकळण्याचा बिंदू वाढविते. येथेच एक इशारा देणे जरूर आहे. नेहमीच्या कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल हे चवीस गोड व अत्यंत विषारी असते. काढलेले कूलंट अंगणात, गोठ्याजवळ किंवा ओढ्यात टाकू नये. गुरे व कुत्री ते चाटतात आणि प्राणास मुकतात. मुलांच्या हातीही ते लागू देऊ नये.

*तिसरा प्रश्न: वारा लागतो काय?* गाडी सपाट रस्त्यावर वेगाने जाताना काटा जागेवर राहतो आणि उभी असता किंवा सावकाश चढताना वर जातो, तर संशय वाऱ्याचा घ्यावा. विजेचा पंखा असेल तर इंजिन तापल्यावर तो फिरतो की नाही हे पाहावे. थंड हवेचे यंत्र सुरू करताच पुष्कळ गाड्यांत तो फिरू लागतो, ही सोपी परीक्षा आहे. फिरत नसल्यास प्रथम फ्यूज, मग रिले, मग तारा, आणि शेवटी पंख्याची मोटर, असा क्रम ठेवावा. काही जीप व पिकअप गाड्यांत इंजिनावर चालणारा पंखा असतो. त्याच्या मध्यभागी असलेला द्रवाचा क्लच निकामी झाला म्हणजे पंखा फिरताना दिसतो, पण जोर करीत नाही. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे तुटले असेल, तर तेही बसवून घ्यावे. कारण त्यावाचून पंखा रेडिएटरमधून हवा न ओढता जवळचीच तापलेली हवा घुसळीत राहतो.

आमच्या गाडीचा रोग याच प्रश्नात दडला होता. मार्गशीर्षात मळणीचे यंत्र चालू असता गाडी खळ्याच्या काठीच उभी असे, आणि पोती न्यावयाची असली म्हणजे त्या धुरळ्यातच चालू ठेवली जाई. पंख्याने भाताचे कूस, फोलकटे व पेंढ्याचा भुसा आत ओढला. पुढे उन्हाळ्यात तांबडी धूळ आली, पावसात चिखल आला, आणि त्या सर्वांचा नमद्यासारखा थर तयार झाला. हा थर बाहेरून दिसेना. कारण थंड हवेच्या यंत्राची जाळी पुढे असते व रेडिएटर तिच्या मागे, आणि थर त्या दोहोंच्या मधल्या फटीत बसला होता. पुढून पाहणारास जाळी स्वच्छ दिसे. शेवटच्या मेकॅनिकने पुढची जाळी सोडविली तेव्हा तो थर हाताने सोलून निघाला. वरून विजेरी त्या फटीत धरली असती, तर वैशाखातच तो दिसला असता. हिवाळ्यात गाडी तापली नाही, कारण हवा थंड व ओझे हलके होते. थर बसला मार्गशीर्षात आणि काटा चढला वैशाखात, म्हणून दोहोंचा संबंध आमच्या ध्यानात आला नाही.

साफसफाई करताना पाण्याची धार इंजिनाच्या बाजूकडून पुढे, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट दिशेने, बेताच्या जोराने सोडावी. जोराच्या धारेने पापुद्रे मिटतात व वाट कायमची बंद होते. ट्रॅक्टरलाही हेच लागू आहे. मळणीच्या दिवसांत त्याची पुढची जाळी रोज, आणि भुसा फार उडत असेल तर दिवसातून अनेकदा, झाडावी.

*चौथा प्रश्न: उष्णताच फाजील उत्पन्न होते काय?* पाणी आहे, ते फिरते, वाराही लागतो, तरी गाडी तापते. मग इंजिनावरील भाराचा विचार करावा. चाकांस चिकटून राहिलेला ब्रेक, घसरणारा क्लच, चोंदलेले धुराडे, कमी असलेले ऑइल, इंधन जळण्याच्या वेळेतील चूक, ही कारणे येथे मोडतात. थोडे अंतर गेल्यावर चाकाजवळ हात नेऊन पाहावा. एकच चाक इतरांहून फार तापले असेल तर ब्रेक चिकटला आहे. हाकणाऱ्याची सवयही यातच येते. चढणीवर वरच्या गिअरात गाडी कण्हत नेऊ नये. खालच्या गिअरात इंजिनाचा वेग बरा राहतो, त्याबरोबर पंपही जोराने चालतो आणि पाणी अधिक फिरते. गाडीच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे हे बैलास जसे, तसे इंजिनासही सोसत नाही.

केव्हा तापते यावरून ओळख

वरील विवेचनाचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल. मेकॅनिककडे जाताना ‘गाडी तापते’ एवढेच न सांगता, यांपैकी कोणता प्रकार आहे ते सांगावे. त्याचे श्रम व आपला पैसा दोन्ही वाचतील.

१. उभी असता किंवा सावकाश चढणीवर तापते, वेगात निवते: पंखा, किंवा रेडिएटरच्या पुढील कचरा.

२. वेगात सपाटीवरही तापते, उभी असता कमी तापते: रेडिएटर आतून चोंदणे, पंप, किंवा खालची नळी चपटी होणे.

३. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते: पाणी कमी, थर्मोस्टॅट मिटलेला, किंवा हेड गॅस्केट.

४. काटा वर-खाली नाचतो: पाणी कमी किंवा आत कोंडलेली हवा.

५. पाणी वारंवार भरावे लागते, बाहेर डाग नाही: झाकण किंवा हेड गॅस्केट.

६. केवळ भरल्या ओझ्याने लांब घाटात तापते: वरीलपैकी कोणताही दोष थोड्या प्रमाणात, किंवा ओझे व गिअर यांची चूक.

सहावा प्रकार येथील लोकांनी विशेष ध्यानात धरावा. बोरघाटात पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरांची चढण आहे. सपाटीवर वर्षभर लपून राहिलेला दोष अशा घाटात उघडा पडतो. सुट्टीच्या दिवशी घाटात कडेस बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. त्यांच्या मालकांपैकी अनेकांस ‘घाटाने गाडी बिघडविली’ असे वाटते. वस्तुतः घाट बिघडवीत नाही; असलेला बिघाड तो दाखवितो.

वर्षाची निगा

शेतीच्या कामांस जसा हंगाम असतो, तसा या निगेसही लावून घेतला म्हणजे विसर पडत नाही. पेरणीपूर्वी ज्येष्ठात नळ्या, पट्टा व झाकण तपासावे. लावणी आटोपल्यावर खालून व पुढून चिखल धुवावा. दिवाळीच्या सुमारास, गवतास कुसळे येतात तेव्हा, पुढची जाळी झाडावी. मळणी संपताच विजेरी घेऊन जाळी व रेडिएटर यांमधील फट पाहावी, आणि मळणी चालू असता गाडी खळ्यापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगास उभी करावी. कूलंट पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीस बदलावे, आणि बदलल्याची तारीख दाराच्या आतील बाजूस लिहून ठेवावी. पाण्याची पातळी आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असता, पाहिली म्हणजे पुष्कळ झाले.

आमच्या वडिलांच्या पिढीस बैलाच्या रवंथावरून व नाकपुडीच्या ओलाव्यावरून त्याची प्रकृती कळत असे, आणि आजारी बैलास कोणी ‘घर जवळ आले’ म्हणून चाबूक मारून पुढे नेत नसे. मोटारीस जीव नाही हे खरे. पण तिच्यावर बैलाइतकाच पैसा व त्याहून अधिक भरवसा आपण ठेवला आहे. रात्री खिंडीतून खाली दवाखाना गाठावयाचा असतो, तेव्हा हा भरवसा खरा ठरला पाहिजे. म्हणून काटा चढला की थांबावे, निवू द्यावे, चार प्रश्न क्रमाने विचारावेत, आणि उत्तर मिळाल्यावाचून एकही भाग बदलू नये. आम्ही हे उलट क्रमाने केले व त्याची किंमत मोजली. वाचकांवर ती पाळी न यावी, एवढ्याचकरिता हा लेखनप्रपंच.